तलावातल्या पंपाच्या जाळीला झेब्रा शिंपले: क्लोरीन, तांबं की पाणबुडे?

तळ्याकाठचा पुणेकर | २७ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. आपल्या फोरमवरच्या व्हिसा, शाळा आणि घरभाडं यापलीकडचा विषय आहे, पण पाणीपुरवठ्यात हात घातलेलं कुणीतरी इथे असेलच म्हणून विचारतोय.

आम्ही टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या पश्चिमेला, लेक ट्रॅव्हिसच्या काठी राहतो. ५८ घरांची वसाहत. शहराची लाइन इथवर येत नाही, त्यामुळे तलावाचं पाणी आमचं आम्हीच उचलतो. काठापासून थोडा आत एक तरंगता तराफा, त्याच्या पोटाखाली दोन सबमर्सिबल पंप, तिथून ६ इंची पाइप टेकाडावरच्या छोट्या प्लांटपर्यंत. अंतर साधारण ११०० फूट. परवानाधारक ऑपरेटर आठवड्यातून तीनदा येऊन जातो. मी डेटाबेसवाला माणूस. मागच्या वर्षी मीटिंगला उशिरा पोचलो आणि माझ्या गैरहजेरीत मला खजिनदार करून टाकलं होतं.

पूर्वी मिनिटाला २१० गॅलन पाणी यायचं. मार्चपासून १४० येतंय. परवा ऑपरेटरने एक पंप वर ओढला तर जाळी कुठे दिसेना. कणसाला दाणे असतात तसे शिंपले, एकावर एक, नखाएवढे, तपकिरी-पिवळे पट्टे असलेले. मी उत्साहाने हात लावला आणि अंगठा कापून घेतला. धार ब्लेडसारखी आहे.

तीन कोटेशनं आलीत. पहिला म्हणतो, एका रात्रीत क्लोरीनचा जबरदस्त डोस मारतो, सकाळी सगळे खलास. १८०० डॉलर. दुसरा पाणबुडे उतरवणार, ६५०० डॉलर. तिसरा तांब्याचं द्रावण कायम सोडायचं म्हणतो, त्याचा महिन्याचा खर्च वेगळा. मीटिंग १० मेला आहे आणि निम्म्या लोकांचा कल अर्थातच १८०० कडे आहे.

बायकोचा प्रश्न: यांची पिल्लं नळातून आपल्या पोटात जातात का? सासूबाई मालवणहून आल्यात. त्यांचा प्रश्न तुम्ही ओळखला असेलच.


कोळंबी भात | २८ एप्रिल, सकाळी ७:०५

ओळखला! खाऊ नका म्हणावं. नखाएवढ्या शिनाण्यात मांस किती, चव किती? शिवाय हे शिंपले दिवसभर पाणी गाळत बसतात, तलावात जे काही वाईट असेल ते अंगात साठवतात. सासूबाईंना तिसऱ्यांचं फ्रोझन पाकीट आणून द्या.

पण एक शंका. हे पाणी गाळतात म्हणजे तलाव स्वच्छच करतात ना? मग एवढी ओरड कशाला?


फिल्टरबेड | २८ एप्रिल, रात्री ९:५०

पुणेकर, १० तारखेच्या आत लिहितोय, कारण १८०० वाला ठराव पास झाला तर तुमचा उन्हाळा वासात जाणार.

मी मिशिगनमध्ये लेक ईरीचं पाणी उचलणाऱ्या एका प्लांटवर १९ वर्षं ऑपरेटर आहे. त्याआधी कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला होतो. तिथे पावसाळ्यात जॅकवेलच्या जाळीतून जलपर्णी उपसायची, इथे शिंपले खरवडायचे. नोकरी तीच, वैरी बदलला.

हे शिंपले कॅस्पियन आणि काळ्या समुद्राकडचे. जहाजं तोलासाठी पोटात भरतात त्या बॅलास्टच्या पाण्यातून इकडे आले. १९८८ साली लेक सेंट क्लेअरमध्ये पहिल्यांदा सापडले आणि पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, आमच्या किनाऱ्यावरच्या मन्रो शहराचं इनटेक, म्हणजे तलावातून पाणी उचलायचं तोंड, त्यांनी चोक केलं. शहराला पाणी नाही, शाळा बंद. तिथल्याच वीजकेंद्राच्या कालव्यात त्या वर्षी चौरस मीटरला सात लाख शिंपले मोजले होते. आमच्याकडचे जुने लोक अजून त्या हिवाळ्याच्या गोष्टी सांगतात. टेक्सासमध्ये ते २००९ ला लेक टेक्सोमात आले, तुमच्या ट्रॅव्हिसमध्ये २०१७ ला. तुमचा सगळा परिसर चुनखडीचा, पाण्यात कॅल्शियम भरपूर. कवच बांधायला त्यांना आयतंच सिमेंट मिळालं.

आता तो एका रात्रीचा डोस. शिंपल्याला तोंड मिटता येतं, हे तुमच्या कंत्राटदाराच्या लक्षात आलेलं नाही. पाण्यात क्लोरीन लागला की तो कवच घट्ट मिटून बसतो, आणि दोन-दोन आठवडे बसू शकतो. तुमचा जबरदस्त डोस त्याच्या दारावरून वाहून जाणार आणि सकाळी तो पुन्हा दार उघडणार. मोठे शिंपले क्लोरीनने मारायचे तर लिटरला अर्धा मिलिग्रॅम असा हलका डोस सलग दोन-तीन आठवडे चालू ठेवावा लागतो. पाणी गरम असेल तर थोडं लवकर आटपतं. तोंड मिटून किती दिवस उपाशी राहील? शेवटी उघडतोच.

आणि ते सगळे एकदम मेले तर आणखी वाईट. आमच्याकडे एकदा ऑगस्टअखेर जुन्या लाइनवर हा प्रयोग झाला. तीन आठवड्यांनी आतलं मांस कुजायला लागलं, पाइपाला चिकटायचे त्यांचे धागे सुटले आणि रिकामी कवचं दहा दिवस प्लांटवर येत राहिली. रात्रपाळीला पाइपातून आवाज यायचा, डब्यात फुटाणे हलवल्यासारखा. पाण्याला गढूळ तळ्याचा वास. फोनवर लोकांनी आम्हाला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसरी भानगड टीएचएमची. तलावाच्या कच्च्या पाण्यात कुजलेला पाला, शेवाळ असं सेंद्रिय काहीतरी असतंच. त्यात क्लोरीन मिसळला की ट्रायहॅलोमिथेन (हेच टीएचएम, आरोग्याला घातक) तयार होतात. जितका क्लोरीन आणि जितका वेळ जास्त, तितके ते जास्त. अमेरिकेत त्यांची मर्यादा लिटरला ८० मायक्रोग्रॅम, वर्षाच्या सरासरीवर. तुमचा क्लोरीन आज प्लांटवर, गाळणीनंतर पडत असणार. तोच ११०० फूट मागे, पाइपाच्या तोंडाशी नेऊन ठेवलात तर शिंपले आटोक्यात येतील आणि टीएचएमचा आकडा वर जाईल. तुमच्या ऑपरेटरकडून मागच्या चार तिमाहींचे रिपोर्ट मागवा. आकडा साठ-सत्तरच्या घरात असेल तर क्लोरीनचं नावच काढू नका.

आता पाणबुड्यांचं. ६ इंची पाइपात पाणबुड्या शिरत नाही हो! तो तराफ्याचं पोट आणि पंपाच्या जाळ्या घासून देईल, फोटो काढेल आणि बिल लावेल. जाळ्या तर तुमचा ऑपरेटर पंप वर ओढून करवतीच्या पात्यानेसुद्धा खरवडू शकतो.

म्हणून आधी एवढंच बघा: अडथळा जाळीत आहे की पाइपात? तराफ्यावर पंपाच्या पुढे प्रेशर गेज असेल. प्रवाह कमी आणि गेजही कमी, तर पंपाला पाणीच मिळत नाहीये, जाळी चोक. प्रवाह कमी पण गेज वर गेलेला, तर पंप ढकलतोय आणि पाइप अडवतोय. मागच्या उन्हाळ्याच्या लॉगबुकशी ताडून बघा. पाइपात असेल तर नवल वाटायला नको. २१० गॅलनला ६ इंची पाइपात वेग सेकंदाला जेमतेम अडीच फूट. शिंपल्याचं पिल्लू बसू नये असं वाटत असेल तर पाच फुटांच्या आसपास हवा. शिवाय रात्री पंप बंद, म्हणजे त्यांना आठ तास बिनभाड्याची खोली. आणि व्यास थोडा जरी घटला तरी घर्षण भयंकर वाढतं: ६ चे ५ इंच झाले की अडीचपट, वर खडबडीतपणाचं वेगळं.

वहिनींना सांगा, काळजी नको. अळ्या ७० ते २०० मायक्रॉनच्या असतात. तुमचा फिल्टर दहा मायक्रॉनच्या जिआर्डियासाठी, म्हणजे पोट बिघडवणाऱ्या जंतूसाठी बांधलाय, त्यातून हे धूड जात नाही. फिल्टरच्या अलीकडचं सगळं मात्र त्यांचंच.

कोळंबी भात, तुमच्या शंकेला लेक ईरीच्याच काठचं टोलेडो शहर हे उत्तर. एकेक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळतो, पाणी काचेसारखं दिसतं, लोक खूष. पण मायक्रोसिस्टिस नावाचं विषारी शेवाळ त्याला आवडत नाही, ते तो थुंकून टाकतो. त्याचे प्रतिस्पर्धी खाऊन संपवतो आणि त्याला रान मोकळं करून देतो. खतांचं पाणी तलावात येतंच होतं, त्यात ही भर. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडोत लाखो लोकांना तीन दिवस ‘नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नका’ असं सांगावं लागलं. आम्ही त्या आठवड्यात घरी गेलोच नाही.


तळ्याकाठचा पुणेकर | १ मे, रात्री ८:१५

फिल्टरबेड काका (काका म्हटलं तर चालेल ना?), तुमची पोस्ट छापून ऑपरेटरला दिली. इंग्रजीत भाषांतर करताना ‘बिनभाड्याची खोली’ला अडलो, पण आशय पोचला.

दोन्ही जाळ्या खरवडल्या. पाच गॅलनच्या दोन बादल्या भरल्या. प्रवाह १४० चा १५० झाला, बस्स. गेज मागच्या जुलैत ८८ होता, आज ९६. म्हणजे पाइपच.

टीएचएमची सरासरी ६७. आता काय करू?


फिल्टरबेड | १ मे, रात्री १०:३०

काका चालेल. वय लपत नाही.

६७ ला क्लोरीन बाद. तुमच्या जागी मी असतो तर परमँगनेट सोडलं असतं. आपल्याकडे पटकीच्या दिवसांत विहिरीत लाल औषध टाकायचे ना, तेच. त्याने टीएचएम होत नाहीत, वर वासही थोडा कमी होतो. मोठे शिंपले त्याने फारसे मरत नाहीत, पण हंगामभर हलका डोस चालू असेल तर अळ्या बसत नाहीत, आणि आपल्याला तेवढंच हवंय. जाणता शिंपला एकदा खरवडला की संपला. अळी मात्र रोज नवी येते. एक मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी सोडते, तिच्याशी खरवडण्याची शर्यत कोण लावणार?

डोस पंपाच्या तोंडाशीच पडला पाहिजे. तराफ्यावर टाकी, छोटा डोसिंग पंप आणि जाळीच्या आत सोडलेली नळी. चार फूट पुढे पडला तर ते चार फूट शिंपल्यांचे. आणि हात आखडता ठेवा. जास्त झालं तर फिल्टरवर गुलाबी पाणी येईल, आणि गुलाबी नाही आलं तरी मँगेनीज पुढे जाऊन लोकांचे पांढरे शर्ट तपकिरी करेल. किती सोडायचं ते तुमच्याच पाण्यावर बीकरमध्ये करून ठरवायचं. फिल्टरवर पोचेपर्यंत रंग उडालेला हवा.

तांब्याचं द्रावण वाईट नाही. पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित केलेलं मिळतं आणि डोस लिटरला १.३ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या खूप खाली असतो. पण जड पाण्यात तांब्याचा जोर कमी पडतो, आणि तुमचं पाणी जड. त्याला विचारा, या पाण्यावर चाचणी करून दाखवशील का? हो म्हणाला तर माणूस कामाचा.

पाइपासाठी पिग. नाव डुकराचं, वस्तू म्हणजे फोमचा लांबुडका ठोकळा. तराफ्याकडून घालायचा, पंपाच्या दाबाने तो ११०० फूट घासत जातो. प्लांटच्या अलीकडे पाइप उघडून सगळं पाणी आणि कवचं बाहेर खड्ड्यात काढायची. पहिला ठोकळा मऊ आणि थोडा लहान घ्या. एकदम कडक घातलात तर मधेच शिंपल्यांचा बूच बसेल आणि मग पाइप खणावा लागेल. तलावात परत काहीही सोडायचं नाही. उन्हात पसरा. टेक्सासच्या उन्हात आठवड्याभरात कोरडे ठणठणीत होतील. जिवंत शिंपले इकडून तिकडे नेणं तुमच्या राज्यात गुन्हा आहे, तेव्हा बादली गाडीत टाकून फिरू नका.

क्रम चुकवू नका. आधी डोसिंग चालू, मग पिग. आत्ता वसंतात पाणी अळ्यांनी भरलेलं आहे. पाइप घासून चकचकीत केलात आणि औषध महिन्याने आलं, तर तुम्ही त्यांना नवीन फ्लॅट रंगवून दिलात. नवीन रसायन सोडायला टीसीईक्यूची, म्हणजे टेक्सासच्या पर्यावरण खात्याची मंजुरी लागेल, तो अर्ज उद्याच टाका. बाकी सगळं त्या कागदासाठी थांबणार.


मॉसबॉल | २ मे, सकाळी ६:२०

थोडं विषयांतर. मी सिएटलला, फिशटँकवाली. मार्च २०२१ मध्ये दुकानांतल्या मारिमो मॉस बॉल्समध्ये जिवंत झेब्रा शिंपले निघाले होते. शेवाळाचा हिरवा गोळा, मुलांना फार आवडतो. माझ्या टाकीतही दोन होते. सूचना होती की गोळा चोवीस तास फ्रीझरमध्ये ठेवा किंवा उकळा, मग कचऱ्यात टाका, टाकीचं पाणी ब्लीच केल्याशिवाय ओतू नका. मी फ्रीझरमध्ये ठेवला आणि नवऱ्याने पालकाचा गोळा समजून रात्री बाहेर काढून ठेवला. सांगायचं एवढंच की त्यांना जहाज लागतंच असं नाही.


डेल्टाकर | २ मे, दुपारी १:१०

आम्हा कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनवाल्यांना आता सोनेरी शिंपला आलाय. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंदरात सापडला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच. मूळ चीनचा. दक्षिण अमेरिकेत १९९१ ला ला प्लाता नदीच्या मुखाशी दिसला आणि दहा वर्षांत वर ब्राझील-पॅराग्वे सीमेवरच्या इताइपूच्या धरणापर्यंत पोचला. याला झेब्राएवढं कॅल्शियमही लागत नाही, म्हणजे मऊ पाण्याचे तलाव सुटतील ही आशाही गेली. काका, हा आपल्याकडे, म्हणजे उजनी-कोयनेत येऊ शकतो का?


फिल्टरबेड | २ मे, रात्री ९:००

येऊ शकतो, आणि मला झेब्रापेक्षा याचीच धास्ती आहे. झेब्राला तिशीच्या वरचं पाणी सोसवत नाही, हा गरम पाण्यात जास्त टिकतो. झेब्राचा एक भाऊबंद तर आपल्याकडे कधीच आलाय: मायटिलॉप्सिस, १९६७ मध्ये विशाखापट्टणमला नोंदवला गेला, पुढे मुंबईच्या बंदरातही. तो खाडीच्या मचूळ पाण्यातला, त्यामुळे पिण्याच्या पाण्याला त्याचा उपद्रव नाही.

पण गावाकडे नदीत दिसणारा प्रत्येक शिंपला मारत सुटू नका. आपले मोठे, हाताच्या पंजाएवढे काळपट शिंपले वाळूत रुतून बसतात. त्यांना चिकटायचे धागे नसतात, पाइपाच्या वाटेला जात नाहीत. धाग्यांनी दगडाला, लोखंडाला, एकमेकांना चिकटलेले, गोड्या पाण्यातले आणि झुबक्याने दिसले, तर फोटो काढून कुणा जाणकाराला दाखवा.


तळ्याकाठचा पुणेकर | २३ जुलै, रात्री १०:५५

धागा वर काढतोय. बरेच जण विचारत होते.

१८०० चा ठराव मीटिंगमध्ये पडला. मी गेजचे दोन आकडे फळ्यावर लिहिले आणि ‘पाइपात पाणबुड्या शिरत नाही’ हे काकांचं वाक्य म्हटलं, तेवढ्यावर काम झालं. मंजुरीला पाच आठवडे लागले. तराफ्यावर टाकी बसली, जून अखेर डोस सुरू झाला आणि ९ जुलैला पिग घातला. पहिला मऊ ठोकळा चाळीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याचा अर्धा भाग गायब होता. मग काळं पाणी आणि मग कवचं, धो धो, अर्धा तास. वास... असो. कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी नाकाला रुमाल लावून शेवटपर्यंत बघत उभ्या होत्या. तीन ठोकळे लागले. आता २०५ गॅलन आणि गेज ८८.

तुम्ही नंतर निरोपात सांगितलेली युक्तीही केली. पीव्हीसीचे दोन तुकडे दोरीला बांधून सोडलेत, एक तलावात उघड्यावर, एक डोसच्या पाण्याच्या हौदात. काल काढले. तलावातल्यावर डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण बोट फिरवलं तर सँडपेपरसारखं लागलं. दुसरा गुळगुळीत.

सासूबाई परत गेल्या. जाताना म्हणाल्या, एवढे शिंपले काढलेत आणि एक वाटीभर सुकं नाही.


फिल्टरबेड | २४ जुलै, सकाळी ५:४०

रात्रपाळी संपवून वाचलं. झकास. तो सँडपेपर म्हणजे रव्याएवढी पिल्लं, ऑक्टोबरपर्यंत नखाएवढी होतील. तुकडा ठेवा, दर पंधरवड्याला बोट फिरवा.

एक राहिलं. प्लांटवर कच्च्या पाण्याचा नमुना घ्यायचा नळ असेल, त्याला आणि गढूळपणाच्या मीटरला जाणारी बारीक नळी. पिग तिथे जात नाही. तिथे पाणी हळू असतं, उबदार असतं. ती उघडून पाहिलीत?


तळ्याकाठचा पुणेकर | २४ जुलै, सायंकाळी ६:१०

आत्ता उघडली. चार बसलेत.